मिरीचा भाव कोणी पाडला? गरीब शेजाऱ्यांच्या व्यापारावरील एका संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. आधी आमच्या कुळागरवाल्यांच्या, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागायतदारांच्या, व्हॉट्सॲप गटावर, मग काजूवाल्यांच्या, मग देवस्थानच्या महाजनांच्या, आणि शेवटी पुतण्याने थेट मलाच पाठवला. खाली एवढेच लिहिले होते, "काका, हे खरे असेल तर आपण गप्प का?"

संदेश लांबलचक आहे, पण त्यात म्हणणी पाचच आहेत. गरीब देश एकमेकांना काही विकू शकत नाहीत, कारण सगळ्यांकडे तोच माल असतो. युरोपला सामाईक बाजार जमला तो श्रीमंतीमुळे. सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, मेली, म्हणजे आपल्या भागात हे जमणारच नाही. असल्या करारांनीच गोव्याची मिरी, सुपारी आणि काजू मारला. आणि शेवटी ठळक अक्षरांत: सीमा बंद करा म्हणजे आपल्या मालाला भाव येईल, गोव्याला या भानगडीशी काही देणेघेणे नाही.

ज्याने हे लिहिले त्याचा राग मला कळतो. माझ्याही कुळागरात पोफळींवर मिरवेली आहेत. २०१६ च्या सुमारास मिरी किलोला सातशेच्या घरात होती. त्या आशेवर मी नवीन वेली लावल्या, दोन मजूर वाढवले. वेली धरायला लागल्या तोवर भाव चारशेच्या खाली. फोंड्यात एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर दोन पोती सोडली. एकात माझी मिरी, दुसऱ्यात बाहेरून आलेली. म्हणाला, "ही मला तुमच्याहून स्वस्त पडते. मी काय करू, तुम्हीच सांगा." त्या दिवशी मी माझे पोते न विकता परत आणले. घरी कोणी काही विचारले नाही, ते जास्त लागले.

म्हणून हे उत्तर त्या रागाविरुद्ध नाही. राग खरा आहे. तो ज्याच्यावर काढला जातोय तो माणूस मात्र चुकीचा आहे, आणि त्यामुळे खरा चोर मोकळा राहतो. सगळा संदेश चौथ्या म्हणण्यावर उभा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

"करारांनीच गोव्याची मिरी, सुपारी आणि काजू मारला"

तीन पिकांची तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांना एकच औषध देता येत नाही.

मिरीचे आधी पाहू. बाहेरून येणाऱ्या मिरीवर भारताचे नेहमीचे आयातशुल्क ७० टक्के. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून लागू आहे. त्यात वर्षाला २,५०० टन मिरी बिनशुल्क येऊ शकते, आणि त्यापुढची दक्षिण आशियाच्या करारातून, म्हणजे साफ्टातून, ८ टक्क्यांवर. व्हिएतनामच्या मिरीला मात्र आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या, कराराची सवलत धरूनही ५० टक्क्यांच्या वर शुल्क पडत असे. आता व्यापाऱ्याच्या डोक्याने विचार करा. व्हिएतनामची मिरी आधी कोलंबोला उतरवायची, पोते बदलायचे, श्रीलंकेत पिकल्याचा दाखला घ्यायचा आणि भारतात आणायची. शुल्क जवळजवळ शून्य.

आता करार काय म्हणतो ते बघा. सवलतीच्या मालाचे किमान ३५ टक्के मूल्य श्रीलंकेत तयार झालेले असले पाहिजे, असे त्यात लिहिलेले आहे. नुसते पोते बदलून ३५ टक्के मूल्य तयार होत नाही. म्हणजे माझ्या मिरीशेजारी उघडलेले ते दुसरे पोते असल्या वाटेने आले असेल, तर ते करार मोडून आले. श्रीलंकेच्या मिरी-शेतकऱ्याचाही त्यात काडीचा फायदा नाही. त्याची मिरी तिखट, तेलाचे प्रमाण चांगले, केरळातले अर्क काढणारे कारखाने ती मुद्दाम मागवतात. त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल खपला की त्याचेही नाव जाते आणि आमचाही भाव जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हणतात ती ही.

सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मिरीच्या आयातीला किलोमागे ५०० रुपयांची किमान किंमत लावली. त्याखालच्या भावाची मिरी आत येऊ द्यायची नाही. आम्हाला आनंद झाला, पण त्यानंतर लगेच इथला भाव काही पाचशेवर गेला नाही. कागदावर किंमत चढवून दाखवली की माल आत येतोच, ही तक्रार बागायतदार तेव्हापासून करत आहेत. मला जास्त महत्त्वाचे वाटले ते सप्टेंबर २०२० मध्ये लागू झालेले मूळ-देशाच्या तपासणीचे नियम. सवलत मागणाऱ्या आयातदाराकडे आता कस्टम्सचा अधिकारी नुसता दाखला नाही, तर माल कुठे आणि कसा तयार झाला याची माहितीही मागू शकतो. हत्यार आहे. ते वापरा म्हणून आपण किती वेळा मागणी केली?

आणि अजून एक गोष्ट, जी आपल्याला ऐकायला आवडत नाही. भाव चढले तेव्हा मी जसा हुरळून वेली लावत सुटलो, तसेच व्हिएतनामच्या मध्य पठारावरचे शेतकरी लावत सुटले. व्हिएतनाम आज जगातला सर्वात मोठा मिरी-उत्पादक आहे. तिकडे पीक एकदम वाढले आणि जगभर भाव कोसळला. तिथल्याही शेतकऱ्यांवर कर्जे झाली, वेली वाळल्या. कोणताही करार नसता तरी तो भाव कोसळला असता. थोडा उशिराने आणि थोडा कमी, पण कोसळलाच असता.

सुपारीचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद घालायला फारसे काही नाही. सुपारीवर आयातशुल्क १०० टक्के. फेब्रुवारी २०२३ पासून किमान आयात किंमत किलोला ३५१ रुपये. याहून उंच भिंत कोणत्या पिकाला आहे? आपल्याला जाचणारी सुपारी मोठ्या प्रमाणात म्यानमारकडून ईशान्येच्या डोंगरांतून चोरट्या वाटेने येते. ती कोणत्याही कराराखाली येत नाही. इकडचा आणि तिकडचा भाव जितका लांब, तितका चोरट्याचा नफा मोठा. सीमेवर आणखी शुल्क चढवून चोराला शिक्षा होत नाही, उलट त्याची मजुरी वाढते.

आता काजू. इथे संदेशाने सरळच चूक केली आहे, आणि मला इथे जास्त वेळ थांबायचे आहे, कारण काजूत आपले हातही पूर्ण स्वच्छ नाहीत.

आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया या देशांशी भारताचा मुक्त व्यापार करारच नाही. तिथून कच्ची काजू बी येते ती भारताने स्वतःच शुल्क कमी ठेवल्यामुळे. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते ५ वरून २.५ टक्क्यांवर आणले. त्याशिवाय अतिगरीब देशांना भारताने २००८ पासून एकतर्फी सवलत दिली आहे. हा कोणाशी केलेला सौदा नव्हे, आपल्याच गरजेपोटी घेतलेला निर्णय. गरज कसली? गोव्यात सुमारे ५५ हजार हेक्टरवर काजू आहे, पण हंगाम उन्हाळ्यातले तीनेक महिने. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, भट्टीवर जातो, त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, बी कारखान्यात जाते. आणि इथली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही. उरलेले महिने सोलणाऱ्या बायकांच्या हाताला काम मिळते ते आफ्रिकेहून आलेल्या बीमुळे. सीमा बंद झाली तर पहिला फटका त्यांना. संदेशात त्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

भाव पडतो हे खोटे नाही. बाहेरची बी स्वस्त आली की इथल्या बीचा भाव खाली येतो, आणि चढणीवर काजू वेचणाऱ्याला ते सोसावे लागते. त्यासाठी राज्याची आधारभूत किंमत आहे, ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून भांडणे हे योग्य भांडण आहे. सोललेल्या गराची गोष्ट वेगळी. त्यावर जुलै २०१९ पासून ७० टक्के शुल्क आहे. तरी पर्यटकांच्या दुकानांतून बाहेरचा हलका गर "गोव्याचा काजू" म्हणून विकला जातो. ही लबाडी बंदरावर होत नाही, दुकानाच्या फळीवर होते. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव फक्त इथल्याच मालाला लावण्याचा हक्क, मिळाले ते यासाठीच. फेणीला ते २००९ मध्येच मिळाले होते.

आणि हात स्वच्छ नाहीत म्हणालो ते यासाठी. मोझांबिक म्हणजे गोव्याला अगदी परके नव्हे. एकाच पोर्तुगीज राजवटीने आपल्याला आणि त्यांना बांधून ठेवले होते, काजूचे झाड दोघांकडेही ब्राझीलहून त्याच दर्यावर्दींनी आणले. मोझांबिकमध्ये काजू सोलण्याचे मोठमोठे कारखाने होते. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने तिथल्या सरकारला कच्च्या बीवरचे निर्यातशुल्क उतरवावे लागले. बी बाहेर जाऊ लागली, कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. त्यांतल्या पुष्कळ बायका होत्या. ती बी कुठे गेली? मुख्यतः भारतात, सोलायला. आपल्या कारखान्यांत त्यातून काम वाढले. तेव्हा "गरीब देशांच्या व्यापारात आपण फक्त मार खातो" असे म्हणताना मला जड जाते.

आता आफ्रिकेतले देश शहाणे झाले आहेत. आयव्हरी कोस्ट हा जगातला सर्वात मोठा कच्च्या काजूचा उत्पादक, आणि तो आपली बी आपल्याच देशात सोलण्यावर भर देत आहे. आफ्रिका खंडाचा मुक्त व्यापार करार मार्च २०१८ मध्ये किगालीला झाला, त्यावर ५५ पैकी ५४ देशांच्या सह्या आहेत आणि जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. उद्या घानाची बी शेजारच्या देशात सोलली जाऊन खंडातच विकली जाऊ लागली, तर आपल्या कारखान्यांना बी महाग पडेल. गोव्याच्या काजूवाल्याने काळजी करायची असेल तर या गोष्टीची करावी, आणि इथली जुनी झाडे बदलून उत्पादन कसे वाढेल ते बघावे.

"सगळ्यांकडे तोच माल, मग विकणार काय?"

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन उभे राहा. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसे तेच आणतात जे बार्देशात आणि पेडण्यात पिकते: नारळ, कोकम, भाजी, सुके मासळीचे प्रकार. तरी बाजार भरतो. कारण "तोच माल" हा लांबून दिसणारा देखावा आहे. जवळ गेले की दर्जा वेगळा, हंगाम वेगळा, भाव वेगळा.

देशांचेही तसेच. बांगलादेश आणि भारत, दोघेही कपडा करणारे देश. संदेशाच्या हिशोबाने त्यांच्यात व्यापार नसायला हवा. प्रत्यक्षात बांगलादेशाचे शिवणकारखाने भारतातला कापूस आणि सूत घेतात, त्याचे शर्ट शिवून जगाला विकतात. भारताने २०११ मध्ये सार्कमधल्या अतिगरीब देशांना दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बाकी सगळ्यावर शुल्क माफ केले, तेव्हा तेच कपडे आपल्याकडेही येऊ लागले. सूत कातणारा वेगळा, शिवणारा वेगळा, आणि दोघांचे पोट त्यावर.

त्याहून पुढचे उदाहरण आग्नेय आशियातले आहे. थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया हे एकेकाळी तांदूळ, रबर, खोबरे विकणारे देश. टोयोटाने तिथे गाडीचे भाग वाटून घेतले. डिझेल इंजिन थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिन इंडोनेशियात, गिअरबॉक्स फिलिपिन्समध्ये, स्टिअरिंगचे भाग मलेशियात. प्रत्येक देशाला स्वतःची पूर्ण गाडी बनवणे परवडले नसते, कारण प्रत्येकाची बाजारपेठ लहान होती. एकमेकांच्या सीमेवर शुल्क उतरले म्हणून चौघांनाही कारखाने मिळाले. व्यापारात नेमके हेच घडते: आज दोघांकडे तोच माल असतो, आणि सीमा उघडल्यावर कामे वाटली जातात.

विजेचे तर फारच साधे आहे. नेपाळात पावसाळ्यात नद्या दुथडी वाहतात तेव्हा वीज उरते, आणि बांगलादेशाला ती हवी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात गेली. तीन देश, तिन्ही विकसनशील, आणि कोणाचेही पीक कोणी मारले नाही. ४० मेगावॉट म्हणजे थेंबच, पण हे व्हायला इतकी वर्षे गेली ती तारांमुळे नव्हे, सह्यांमुळे.

"युरोपला जमले कारण ते श्रीमंत होते"

१९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद सामाईक केले तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. जर्मनी आणि फ्रान्स यांनी पाऊणशे वर्षांत एकमेकांवर तीनदा शस्त्र उपसले होते. त्यांच्याकडे कारखानदारीचे ज्ञान होते, बँका होत्या, अमेरिकेचा पैसाही होता, हे मान्य. आपल्यापेक्षा त्यांची सुरुवात सोपी होती. पण आसियान १९६७ मध्ये स्थापन झाले तेव्हा इंडोनेशिया कमालीचा गरीब होता, आणि नंतर आत आलेले व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया युद्धांतून पोळून निघालेले होते. ते श्रीमंत होण्याची वाट बघत बसले नाहीत. एवढे पुरे.

"सार्क मेले, हाच पुरावा"

सार्कची अवस्था वाईट आहे, यात दुमत नाही. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर शिखर परिषद झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरी हल्ल्यानंतर रद्द झाली. साफ्टा करार २००६ पासून लागू आहे, तरी दक्षिण आशियाचा आपापसांतला व्यापार एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास अडकला आहे. आसियानमध्ये हेच प्रमाण वीस-पंचवीस टक्के.

पण हा गरिबीचा पुरावा आहे का? फाळणीच्या सुमारास याच भूभागाचा आपापसांतला व्यापार पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. तेव्हा आपण आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतो. माल तोच होता, माणसे तीच होती. मधे आल्या सीमा, युद्धे आणि संशय. जो आजार श्रीमंती वाढत असतानाही वाढला, त्याचे कारण गरिबी कसे असेल?

आता त्या ५ टक्क्यांच्या आत डोकवा. पश्चिम बंगालातल्या पेट्रापोल नाक्यावर बांगलादेशात जाणारा ट्रक कित्येक दिवस उभा राहतो. पलीकडे गेल्यावर माल उतरवून दुसऱ्या ट्रकात भरायचा. जागतिक बँकेच्या अभ्यासाप्रमाणे पूर्व आफ्रिकेत तितक्याच वर्दळीची सीमा ओलांडायला सहा तासांहून कमी लागतात. २०१८ च्या त्यांच्याच अहवालात आहे की भारतीय कंपनीला दक्षिण आशियातल्या शेजाऱ्याशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझीलशी करणे सुमारे २० टक्के स्वस्त पडते. ब्राझील! चारशेहून अधिक वर्षांपूर्वी काजू जिथून जहाजाने आला ते ब्राझील आजही आपल्याला ढाक्यापेक्षा जवळ पडते. त्याच अहवालाने हिशोब मांडला की दक्षिण आशियाचा आपापसांतला २३ अब्ज डॉलरचा व्यापार, माणसांनीच उभ्या केलेल्या अडचणी गेल्या, तर ६७ अब्जांवर जाऊ शकतो.

आणि या अडचणी एका सहीने वाढतातही. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारताचे सूत जमिनीवरच्या नाक्यांमधून घेणे बंद केले. मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे जमिनीवरून येऊ देणे थांबवले, ते फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून. दोन्ही बाजूंनी ट्रकवाले आणि हमाल बसून राहिले. इथे कोणीही गरीब असल्यामुळे व्यापार थांबला नाही.

पूर्व आफ्रिकेचा उल्लेख केलाच आहे तर तिथली गोष्ट पूर्ण सांगतो, कारण ती माझ्या बाजूने जितकी आहे तितकीच संदेशाच्याही बाजूने आहे. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम ही नावे गोव्यातल्या जुन्या घरांत परकी नाहीत. कोणाचे आजोबा तिथे कारकून होते, कोणाचे शिंपी. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिका समुदाय केला. रेल्वे, टपाल, विमान कंपनी सामाईक. १९७७ मध्ये तो मोडला. कारखाने केनियात जमले, बाकी दोघांना वाटले आपण नुसते गिऱ्हाईक. वर राज्यकर्त्यांची भांडणे, युगांडातली इदी अमीनची राजवट. करार नुसता केला आणि फायद्याची वाटणी केली नाही, तर तो मोडतो, हे त्यातून दिसते. पण त्यांनी तिथे हात टेकले नाहीत. १९९९ मध्ये नवा करार केला, २००५ पासून जकात एक केली, २०१० पासून सामाईक बाजार. सीमेवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसवले. म्हणून तिथला ट्रक सहा तासांत सुटतो. आज त्या समुदायात आठ देश आहेत.

"गोव्याला काय देणेघेणे? सीमा बंद करा"

हे वाक्य गोव्यात बसून कोणी लिहिले असेल तर मला वाईट वाटते. सीमा उघडण्याचे आणि बंद करण्याचे जेवढे प्रयोग आपल्या या एवढ्याशा भूमीवर झाले तेवढे फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी लिस्बनला एक करार केला. १८८० पासून गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. मुरगावचे बंदर आणि घाट चढून जाणारी रेल्वे याच करारातून आली. दूधसागरावरून गाडी जाते ती आजही त्याच वाटेने. पण त्याच करारात ब्रिटिशांनी गोव्याचे मीठ आपल्या ताब्यात घेतले. मिठागरांवर त्यांचा पहारा बसला, मिठावर त्यांचा कर बसला, आणि बदल्यात वर्षाला ४ लाख रुपये गोव्याच्या सरकारला. मिठागरात राबणाऱ्याला नव्हे, सरकारला. ताडी-माडीवरचे करही तिकडच्यासारखे चढले, रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, अडचणीत आला. लहान मिठागरे बंद पडली आणि माणसे मुंबईची वाट धरू लागली. १८९२ मध्ये मुदत संपली तेव्हा करार पुढे चालू राहिला नाही.

मी जेव्हा कराराच्या बाजूने बोलतो तेव्हा ही मिठागरे माझ्या डोळ्यांसमोर असतात. त्या करारात रेल्वे वाईट नव्हती. वाईट हे होते की ज्याची उपजीविका जाणार होती त्याला कोणी विचारले नाही, आणि भरपाई त्याच्यापर्यंत पोचली नाही.

बंद सीमेचाही अनुभव घ्या. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुक्तीपर्यंत भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. ती राजकीय लढ्याचा भाग होती आणि तिच्या हेतूशी माझे भांडण नाही. पण जुनी माणसे अजून सांगतात, बेळगावची भाजी बंद झाली आणि बटाटे हॉलंडहून जहाजाने यायचे. शेजारचा घाट बंद झाला म्हणजे माणूस स्वावलंबी होतो असे नाही, त्याला तीच वस्तू दुरून आणावी लागते. आणि मार्च २०२० तर आपण सगळ्यांनीच पाहिला. टाळेबंदीत राज्याच्या हद्दी बंद झाल्या आणि त्या पहिल्या दिवसांत गोव्यात कांदा-बटाट्यासाठी घरोघर फोनाफोनी चालली होती. चोर्ला घाटातून भाजीची गाडी उतरली की बातमी व्हायची. तेव्हा माझ्या कुळागरातल्या सुपारीला काय भाव मिळाला? गिऱ्हाईकच नव्हते.

उलट १ जुलै २०१७ नंतर पत्रादेवी, मोले, पोळे इथले विक्रीकराचे नाके गेले. जीएसटीने राज्यांचे उत्पन्न बुडेल ही भीती होती, म्हणून केंद्राने पाच वर्षे भरपाई देण्याचे कायद्यात लिहिले. भरपाई वेळेवर येते का यावर भांडणे झाली, तीही बरोबर होती. पण वाटणी आधी लिहिली गेली म्हणून राज्ये सहीला तयार झाली. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या जकात संघातही, जो १९१० पासून चालू आहे, जमा झालेल्या जकातीचा मोठा वाटा लेसोथो आणि एस्वातिनीसारख्या लहान भागीदारांना जातो. त्यांच्या सरकारी उत्पन्नाचा तो मोठा आधार आहे. म्हणजे वाटणीची रीत नवीन नाही, अशक्यही नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्सची, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गटाची, परिषद झाली, आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराभोवतीच्या बिमस्टेक देशांचे नेतेही आले. बिमस्टेकच्या मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये सही झाला होता. अजून करार झालेला नाही. तो होईल तेव्हा त्यात श्रीलंका असेल, म्यानमार असेल, थायलंड असेल: मिरी, सुपारी, नारळ, तिन्ही. तेव्हा गोव्याने "आमचा काय संबंध" म्हणून बाहेर बसायचे, की आधीच आपले म्हणणे मांडायचे?

पुतण्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग काका, गटावर नुसता संदेश खोटा आहे म्हणून काय होणार?" बरोबर आहे त्याचे. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या बागायतदारांची बैठक आहे. तिथे मी तीन मागण्या लिहून नेणार आहे. श्रीलंकेच्या दाखल्यावर येणाऱ्या मिरीचे मूळ बंदरावर खरोखर तपासले जावे आणि त्याचे आकडे दर तिमाहीला जाहीर व्हावेत. मिरी-सुपारीवर जमा होणाऱ्या आयातशुल्काचा ठरलेला हिस्सा वेली आणि पोफळी बदलण्यासाठी बागायतदाराला मिळावा. आणि पणजी-कळंगुटच्या दुकानांत "गोव्याचा काजू" म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांची मानांकनाप्रमाणे तपासणी व्हावी. पुतण्याने त्यात चौथी घातली: काजू सोलणाऱ्या बायकांपैकी दोघींना त्या बैठकीला बोलवावे.